दादाच्या भरवशाचा शेअर

अकोल्याला जठारपेठेत बुधाजी वानखडे यांच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी शेअर घेणाऱ्यांची बैठक बसते. बुधाजी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. येणाऱ्यांत एक औषधांचे दुकानदार, एक मास्तर आणि असेच चारदोन जण. सतरंजी, चहा आणि बुधाजींच्या घरचा चिवडा एवढाच थाट. कोणी कोणाला टिप द्यायची नाही, नफ्याची बढाई मारायची नाही, पण आपण कुठे फसलो ते मात्र मोकळेपणानं सांगायचं, असा तिथला रिवाज. आकांक्षा नावाची फिजिओथेरपिस्ट पोरगी यायला लागली त्याआधी या मंडळीत बाई अशी एकच होती. ती म्हणजे सुभद्रा उमाळे.

सुभद्रा दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. उभी नोकरी तिथेच काढली. निवृत्त झाल्यावर ती नवऱ्याच्या अकोल्याच्या घरी येऊन राहिली, पण लोकांच्या तोंडी तिचं नाव सिस्टर ते सिस्टरच राहिलं. नवरा खुशालराव एसटीच्या वर्कशॉपमधला. पोस्टातल्या ठेवीपलीकडे त्याचा कशावर भरवसा नाही. बायको शेअर घेते हे कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुहं तू पाय. मले त्यातलं काई समजत नाई."

सुभद्राला शेअरच्या नादी लावलं तिच्या थोरल्या भावानं, भगवंतानं. भगवंत भातकुलीला राहतो. शेवंती आणि झेंडू लावतो, अमरावतीच्या बाजारात फुलं पाठवतो. वर्तमानपत्र हातात आलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. सुभद्रा बारावी झाली तेव्हा घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. भगवंतानं वडिलांपुढं उभं राहून सांगितलं की पोरगी नर्सिंगला जाईल, आणि तिला सायकलवर डबलसीट बसवून अमरावतीला नेऊन तिचं नाव घातलं. तेव्हापासून दादाचा शब्द म्हणजे सुभद्राला शेवटचा शब्द. पुढं घर घेताना, पोरीचं लग्न ठरवताना तिनं आधी दादाला विचारलं, आणि दरवेळी दादाचं म्हणणं बरोबर निघालं.

ती निवृत्त झाली तेव्हा दादा अकोल्याला आला. जेवण झालं, सुपारी कातरता कातरता तो म्हणाला, "साराच पैसा बँकेत पाडून ठेवू नको वं. थोडे शेअर घे. मी घेतले आहेत."

"कोनाचे?"

"आपल्या वावरातल्या ठिबकच्या पाइपाच्या कंपनीचे. किती वर्सं झाले ते पाइप उन्हात पडून आहेत, एक फाटला नाई. ज्याचा माल असा, ते कंपनी बुडन कशी?"

सुभद्राला हे पटलं. ग्रॅच्युइटीचा मोठा वाटा तिनं त्या कंपनीत घातला. सुरुवातीची वर्षं बरी गेली. दर पावसाळ्यात नफ्यातला वाटा, डिव्हिडंड, खात्यात पडायचा. मोबाइलवर मेसेज आला की ती भातकुलीला फोन लावायची, "दादा, आलं बावा तुह्या पाइपातून पाणी!" आणि पलीकडून दादाचं गडगडाटी हसू ऐकू यायचं. एका वर्षीच्या डिव्हिडंडमधून तिनं वहिनीला, रुख्मिणीला, पैठणी काठाची साडी घेतली होती. आपल्या घामाचे पैसे आता आपल्यासाठी राबताहेत, याची तिला भारी मौज वाटायची.

मग कंपनीच्या मालकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी परदेशात कारखाना विकत घेतला. त्यासाठी कर्ज काढलं, कारखाना चालला नाही, कर्ज तेवढं राहिलं. एका वर्षी डिव्हिडंड अर्धा आला. दुसऱ्या वर्षी आलाच नाही. भाव उतरत उतरत असा गेला की सुभद्रानं ॲप उघडणंच सोडून दिलं. तिनं एकदाच, तेही चाचरत, दादाला फोनवर विचारलं, "तू ठेवून आहे ना ते शेअर?"

दादानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "हाव. ठेवून हावो. तूबी राहू दे."

तेवढ्यावर ती राहिली. पण त्यानंतर दादाचं येणं-जाणं बदललं. एरवी भाऊबीजेला यायचा तो दोन दिवस मुक्काम ठोकायचा. आता सकाळच्या गाडीनं आला की ओवाळून घ्यायचा, चार घास खायचा आणि फुलांची गाडी भरायची आहे म्हणून दुपारीच निघायचा. कंपनीचं नाव तो काढत नव्हता, ती काढत नव्हती. सुभद्राला वाटे, दादाच्या जिवाला लागलंय. आपल्या सांगण्यावरून बहिणीचं नुकसान झालं, हे त्याला खात असणार. कधी वाटे, की आपलंच काही चुकलं? आपण शेअर विकले तर त्याच्या शब्दावर आपणच काट मारल्यासारखं होईल. त्यापेक्षा राहू द्यावेत. कधीतरी वर येतील, नाही आले तर गेले.

बैठकीतल्या मंडळींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढं पडूनही बाई विकत नाही, एवढंच त्यांना दिसे. नवीन कोणी आलं की बुधाजी सुभद्राकडे हात करून म्हणत, "धीर शिकायचा असन त सिस्टरपासून शिका." सुभद्रा मान खाली घालून चिवडा खात राही.

डिसेंबरातल्या एका रविवारी डिव्हिडंडवरून वाद लागला. औषधवाले म्हणत होते, डिव्हिडंड खात्यात येतो तेव्हा कंपनी जिवंत आहे असं समजावं, बाकी कागदावरच्या नफ्याचं काही खरं नाही. मास्तरांचं म्हणणं उलटं. चांगली कंपनी तोच पैसा धंद्यात घालून वाढवते, मग आपल्याला हातात कशाला पाहिजे? दोघंही हट्टाला पेटले. बुधाजी मध्ये पडले आणि गाडी धीरावर आणली.

"धीर म्हणजे कंपनीचा अहवाल दरवर्षी वाचायचा, सारं ठीक दिसलं की मंग हात बांधून बसायचं," ते म्हणाले. "न वाचता बसला त्याले धीर नाई म्हणत. तो निजला आहे."

मंडळी हसली. आकांक्षा मात्र हसली नाही. तिला यायला लागून दोनच महिने झाले होते आणि ती सगळं मनापासून शिकत होती. ती सुभद्राकडे वळली.

"मावशी, राग नका मानू, मला खरंच समजून घ्यायचंय. ते पाइपचे शेअर आज तुमच्याजवळ नसते, अन् तेवढे पैसे हातात असते, तर आज तुम्ही ते घेतले असते का?"

सुभद्रानं चहाचा कप खाली ठेवला. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली बाई, विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची तिला सवय.

"नसते घेतले," ती म्हणाली.

"मग ठेवले कशासाठी?"

सुभद्रानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. दादासाठी, असं त्या गच्चीवर कसं सांगायचं? बुधाजींनी तिचा चेहरा पाहिला आणि दुसराच विषय काढला. पण घरी येईपर्यंत सुभद्राच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत राहिला. लोक ज्याला आपला धीर म्हणतात तो धीर नव्हताच. ती भीड होती. दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. शेवटी खुशालरावच म्हणाला, "एवढा जीव जाऊन राहिला त जाऊन ये ना भातकुलीले. बोलल्यानं काई भाऊ तुटत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीत बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. गाडीत बसल्या बसल्या ती मनात वाक्यं जुळवत होती. दादा, तुझं काही चुकलं नाही. दादा, कंपनीनं माती केली, त्याला तू काय करशील? प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटायचं. अमरावतीच्या स्टँडवर उतरून ती भातकुलीच्या काळीपिवळी जीपमध्ये बसली, तेव्हा तिनं सगळी वाक्यं सोडून दिली.

भगवंत वावरात होता. शेवंतीचा तोडा चालू होता. पिवळीधमक फुलं क्रेटमध्ये भरून बांधावर मांडली होती, आणि रुख्मिणी कामाच्या बायांबरोबर वाफ्यात होती. नणंदेला पाहून ती ओरडली, "अवं माय! सांगितलं नाई, सवरलं नाई, अचानक कशी काय आली?"

भगवंत उठून उभा राहिला. त्याचा चेहरा बहीण आल्याच्या आनंदानं फुलला, आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखा उतरला. सुभद्रानं ते पाहिलं. चप्पल काढून ती बांधावर बसली आणि पाणीसुद्धा न पिता बोलून मोकळी झाली.

"दादा, मी ते पाइपाचे शेअर इकून टाकीन म्हणते. तुले वाईट वाटन म्हणून इतके दिवस ठेवले. पन आता मले ते पेलवत नाईत. तू ठेव, माहं काई म्हणनं नाई. तुह्यावर माहा राग नाई. होताच नाई कधी."

 हातातलं फूल भगवंतानं क्रेटमध्ये टाकलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. वाफ्यातून रुख्मिणीचा आवाज आला, "सांगा आता. कवापासून मी म्हणत होती, सांगून टाका म्हणून."

"काय सांगा?" सुभद्रानं विचारलं.

भगवंतानं जमिनीकडे पाहत सांगितलं, "मी माहे कवाचेच इकले वं."

"कवा?"

"नातवाच्या, शिवमच्या कॉलेजची फी भरायची होती तवा. तू फोनवर इचारलं ना, तवा माह्यापाशी एकबी नव्हता. तोंडातून हाव निंघून गेलं. मंग वापस कसं घ्यायचं? तुले पैसे टाकायले लावले मी, अन् पयले इकून मोकळाबी मीच झालो. तुह्या घरी जेवाले बसलो की घास खाली उतरे ना."

सुभद्राच्या डोक्यात एकदम आग शिरली. ती उठून उभी राहिली.

"अरे दादा! तू ठेवले म्हणून मी ठेवले! भाव पडत गेला अन् मी इकडं तुह्यासाठी मूग गिळून बसली! एक फोन करता येत नव्हता तुले?"

"नाई करता आला," भगवंत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मी तुह्यासमोर कधी खोटा पडलो नव्हतो, सुभे."

हे ऐकलं आणि सुभद्राचा राग जागच्या जागी ओसरला. सत्तरीला टेकलेला आपला भाऊ, साऱ्या गावाशी छाती काढून बोलणारा, आपल्याला चुकवत होता तो या एवढ्याशा गोष्टीसाठी! त्याच्या मनात आपल्याबद्दल दुसरं काही असेल, आपलं काही चुकलं असेल, अशा नाही नाही त्या शंका तिनं गेली दोन वर्षं काढल्या होत्या. त्यातलं काहीच नव्हतं. तिला आधी हसू आलं, मग हसता हसता रडू आलं. रुख्मिणी फुलांची ओटी सावरत धावत आली आणि दोघांकडे पाहत म्हणाली, "दोघंबी सारखेच येडे. चला, भाकर थंडी होऊन राहिली."

दुपारी त्यांनी सोल्याची, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्ली. भगवंत तीन भाकरी जेवला. जेवणानंतर तिघं ओसरीत बसली. सुभद्रानं मोबाइल काढला. बाजार चालू होता. इतके दिवस न उघडलेलं ॲप तिनं उघडलं. भगवंत चष्मा लावून शेजारी येऊन बसला. तिनं आकडे भरले, एकदा तपासले आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं मेसेज आला. घातलेल्या पैशांपैकी चौथा हिस्सा जेमतेम हाती आला होता.

"गेले ते गेले," भगवंत हळूच म्हणाला.

"पाइप चांगले होते दादा. मालक वाईट निंघाले," सुभद्रा म्हणाली. "आपन पाइप पायले, मालक पायले नाईत."

त्या रात्री ती भातकुलीलाच राहिली. कितीतरी दिवसांनी तिला बिछान्याला पाठ टेकताच झोप लागली.

पुढच्या रविवारी बैठकीत तिनं आपण होऊन सगळं सांगितलं. भाऊ, फोन, भीड, काही लपवलं नाही. आपण धीर धरला नव्हता, तेव्हा यापुढं आपलं उदाहरण कोणाला देऊ नका, असं बुधाजींना बजावलं. बुधाजी थोडे ओशाळले. मग म्हणाले की त्यांच्याही घरी एक साखर कारखान्याचा शेअर असाच पडून आहे, सासऱ्यांनी दिलेला, आणि त्याचं काय करावं हे त्यांना अजून कळलेलं नाही. मास्तर आणि औषधवाले यांचा डिव्हिडंडचा वाद त्या दिवशीही मिटला नाही.

सुटलेल्या पैशांचं सुभद्रानं लगेच काही केलं नाही. बँकेत ठेवले. आकांक्षाबरोबर बसून ती हल्ली कंपन्यांचे अहवाल वाचते, कर्जाचं पान आधी काढते. आवडली एखादी तर थोडेसे शेअर घेते, आणि घेतल्यावरच भातकुलीला कळवते. तिकडून भगवंतही तेच करतो. त्या दिवशी ओसरीतच दोघांनी ठरवलं होतं की एकमेकांना सल्ला द्यायचा नाही. दादाला हे जड जातं. परवा फोनवर कुठल्याशा बँकेचा डिव्हिडंड किती भारी आहे हे तो रंगात येऊन सांगायला लागला, तेव्हा तिनं मध्येच थांबवलं, "मले कायले सांगतं? मी घेत नाई." दादा खो खो हसला आणि म्हणाला, "बरं, शेवंतीचा भाव तरी इचार." मग तो बराच वेळ फुलांबद्दल बोलत राहिला आणि सुभद्रा भाजी निवडत ऐकत राहिली.