गल्ल्याशेजारचा कोपरा

"भाडं लावा म्हणते ना, शेठ! लावा भाडं!"

बाई अशा ओरडल्या, की अच्छाड नाक्यावरच्या ट्रकांचे हॉर्न गप्प झाले. पार गुजरातपर्यंत ऐकू गेलं असणार.

माझा गुन्हा काय? झरी गावच्या बायका चिकूच्या चिप्स विकायला जागा शोधत होत्या, म्हणून माझ्या ढाब्याच्या गल्ल्याशेजारचा कोपरा मी फुकट देऊ केला. म्हटलं, तेवढंच पुण्य!

या बाई गावोगाव छोटे धंदे उभे करून देणाऱ्या संस्थेच्या. डहाणू ते तलासरी, ज्या पाड्यावर त्यांची स्कूटर थांबली तिथे नवे मालक उगवले. जरा वेळ बसल्या असत्या, तर माझ्या मांजरालाही धंदा काढून दिला असता. बोलताना हेल्मेट टेबलावर आपटायच्या. चहा मात्र बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश प्यायच्या.

"फुकटची जागा म्हणजे तुमची मर्जी असेतोवरची जागा," त्या म्हणाल्या.

जन्मभर घासाघीस केली, पण भाडं लावून घ्यायला भांडणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. हरलो. भाडं ठरलं आणि बाई हेल्मेट चढवून गेल्या, त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

दिवाळीत माझ्या मेहुण्याला मोबाइलची कव्हरं विकायला नेमका तोच कोपरा हवा झाला. चिप्स तोवर ट्रकांतून दिल्लीला पोचल्या होत्या, पण बायकोच्या भावापुढे कुणाचं चालतं? चिप्सवाल्या मावशींना मी मधाळ आवाजात म्हटलं, "सणापुरतं जरा रस्त्यापलीकडे बसता का?"

पाकीट बांधता बांधता त्यांनी वरही पाहिलं नाही.

"भाडं भरलंय," त्या म्हणाल्या.