भरतात साखर

नातीनं परवा विचारलं, "आजी, तू भाषातज्ज्ञ ना? मग तुला किती भाषा येतात?" लग्न होऊन जळगावात आल्यापासून वाण्यानं, रिक्षावाल्यानं, दाताच्या डॉक्टरनंसुद्धा हाच प्रश्न विचारलाय. उत्तर ठरलेलं आहे : गुरांच्या डॉक्टरला हंबरता यावंच लागतं असं नाही.

माझं तर त्याहून भारी होतं. जिच्यावर प्रबंध लिहायला घेतला ती अहिराणी मला येत नाही, असं मीच लोकांना सांगत फिरायचे. माहेर धुळ्याचं. आई हसायची, भांडायची, म्हैस हाकलायची, सगळं अहिराणीत. मी मात्र पुण्याला शिकायला गेले आणि तोंडाला असं वळण लावून आले की सुट्टीत आई मला 'अहो बाई' म्हणायला लागली. आणि एवढं करून बाई निघाल्या कुठे, तर धरणगावजवळच्या एका खेड्यात, अहिराणी शोधायला!

तिथं एका अक्कांकडे उतरले होते. अक्का आणि त्यांचे मालक नाना, दोघं दिवसभर अखंड बोलायचे. पण मी टेपरेकॉर्डर काढला की घरात पाहुणे आल्यासारखं व्हायचं. नानांनी त्याला ओसरीवर तक्क्याला टेकवून बसवलं. अक्कांनी नथ घातली. नाना मला हळूच म्हणाले, "याले चहा चालस का?" मग मी बटण दाबलं.

"नमस्कार," अक्का म्हणाल्या. "आमच्या गावात कापूस होतो. सर्वांनी स्वच्छता राखावी."

बटण बंद.

"व्हयनं का? हाऊ झोपना?" अक्कांनी नथ काढली आणि पुन्हा अहिराणीत सुरू झाल्या.

पुण्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी कॅसेट ऐकली. "हे काय, बातम्या? घरात बोलतात तसं आणा. पुढच्या खेपेलाही असंच असेल तर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे शिष्यवृत्ती गेली आणि मी धुळ्याला परत. मी घाबरले.

पुढच्या खेपेला ठरवलं, आधी माया लावायची. अंगणात अक्का कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. "मी ठेचते," म्हणाले आणि ठेचता ठेचता, पुण्याच्या सवयीनं, त्यात चमचाभर साखर घातली.

अक्कांनी बोट चाटून पाहिलं.

"ओ माय व! हाई भरीत शे का शिरा? भरीतमा साखर टाकस का कोनी? कोनी शिकाडं व तुले हाई?"

काय ती अहिराणी! मी ओसरीवर धावले, तक्क्यावरून टेप उचलला, अंगणात आणला, बटण दाबलं. "अक्का, परत एकदा रागवा ना!"

अक्कांनी पदर सारखा केला. "भरतात साखर घालू नये," त्या म्हणाल्या. "धन्यवाद."

"तसं नाही हो, मघासारखं!"

"आपण पाहुण्या आहात."

मी टेप आदळला जमिनीवर. बंद करायचंही भान राहिलं नाही. अक्का पुटपुटल्या, "वांगं कवय पाह्यं शे का हिनी, कोन जाने."

तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. "मी बी धुळानी शे, अक्का! मनी मायना हातनं भरीत खायेल शे! मले शिकाडू नका!"

"मंग साखर काब्रं टाकी?"

मग आमची जी जुंपली, ती नानांनी मधे पाण्याचा तांब्या ठेवेपर्यंत.

सरांनी ती कॅसेट डोळे मिटून ऐकली. मी खुर्चीच्या कडेला.

"उत्तम," ते म्हणाले. "म्हातारी छान आहे. पण ही दुसरी कोण? धुळ्याकडची दिसते. ही तर अस्सल आहे! हिला सोडू नका."

मला ठसका लागला. "ती जरा... विक्षिप्त आहे, सर. टेप दिसला की पुणेरी होते."

"होऊ द्या. तुम्ही तिला चिडवत राहा."

विषय वाचला. प्रबंधाच्या एका तळटीपेत अजून ती बाई आहे : धुळ्याची, तरुण, स्वभावानं तापट.

नंतरच्या सुट्टीत टेप घेऊन माहेरी गेले. आईनं भरताची वांगी भाजली होती. ती पाणी आणायला आत वळली तसं मी बटण दाबलं आणि भरतात साखर घातली.

आई बोलली. मीही बोलले. कॅसेटची दुसरी बाजूसुद्धा पुरली नाही.