झरा रेघेपलीकडे

बुरुलला आमच्या तालुक्यात सगळे 'नकाशावाली एजे' म्हणत. एजे म्हणजे थोरली ताई. तिच्याहून वयाने मोठी माणसंही जमीन कचेरीच्या दारात टोपी काढून "नकाशावाली एजे आहेत का?" असंच विचारायची. तिला ते आवडायचं. आवडायचं असं ती कबूल करायची नाही, पण कुणी चुकून नुसतं 'बाई' म्हटलं की त्याचा कागद दुपारपर्यंत पडून राहायचा.

तिचं माहेर कोक-जार, नारीन नदीच्या वरच्या अंगाचं मेंढपाळांचं गाव. बाप ओस्मोनकुल, सामुदायिक शेतीच्या काळातला मुख्य मेंढपाळ. दहावी झाल्यावर बुरुलला त्याने राजधानीत, फ्रुन्झेला, नकाशाशास्त्र शिकायला धाडलं, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. नकाशे काढून कुणाचं पोट भरतं का, असं लोक विचारत. ओस्मोनकुल म्हणायचा, "डोंगर माझ्या मेंढ्यांना माहीत आहे, सरकारला नाही. सरकारला दाखवायला घरचंच कुणीतरी असलेलं बरं."

फ्रुन्झेला ती शाईच्या बारीक टाकाने, श्वास रोखून रेघा ओढायला शिकली. रेघ चुकली तर पात्याने खरवडावी लागे आणि कागदावर कायमचा व्रण राही. शिकून परतली, तालुक्याला नोकरीला लागली, आणि दीड वर्षात सोव्हिएत देशच गेला. कचेरी तेवढी राहिली. लग्न झालं, नवरा सायबेरियात कामाला गेला, त्याचे फोन महिन्याचे वर्षावर आले आणि मग बंदच झाले. मूलबाळ नव्हतं. कुणी कीव केली की ती म्हणायची, "मला बेचाळीस गावं सांभाळायची आहेत, वेळ कुठाय?"

त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्यापुढे कॉम्प्युटर येऊन बसला. कचेरीतल्या दोघा पुरुषांनी 'आता या वयात कोण शिकतो' म्हणून टॅक्सी चालवायला घेतली. बुरुल बसली आणि शिकली. यंत्रातली हद्द म्हणजे नुसते ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. ठिपका माउसने धरावा, ओढावा, सोडावा. सोबत रेघ वळते, जमीन मोठी होते, लहान होते. नको तो ठिपका पुसला तर मागे काही म्हणजे काही उरत नाही. पात्याचा व्रण नाही की खरवडीचा डाग नाही. हे यंत्राचं फार मोठं सुख आहे असं तिला तेव्हा वाटलं होतं.

मग राजधानीतून हुकूम आला: सगळ्या गावांच्या कुरणांच्या हद्दी पानगळीच्या आत यंत्रात भरा. गावं बेचाळीस, बुरुल एक. जुने सोव्हिएत काळचे कागद स्कॅन करून खाली ठेवायचे आणि त्यावरून हद्द गिरवायची. कोक-जार आणि शेजारचं तुयुक-साय यांची हद्द कागदावर ओढ्यालगत जात होती. नेमका तिथेच कागद घडीवर विरला होता, मधे बोटभर फाटलाही होता. यंत्रात एक सोय आहे. आधीच्या एखाद्या रेघेजवळ माउस नेला की तो तिला आपोआप चिकटतो, आणि एक कळ दाबली की आपली हद्द त्या रेघेच्या अंगाने सरसर पुढे जाते. ओढे आधीच भरलेले होते, राजधानीत बसून कुणीतरी उपग्रहाच्या चित्रावरून काढलेले. बुरुलने आपली हद्द ओढ्याला चिकटवली. नऊ किलोमीटरचं काम अर्ध्या मिनिटात झालं आणि ती चहाला उठली.

तो ओढा जुना ओढा नव्हता. अठ्ठ्याण्णव साली डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि ओढा जुनं पात्र सोडून कोक-जारच्या बाजूला सरकला. जुनं पात्र कोरडं पडून राहिलं, पण दोन्ही गावं हद्द म्हणून तेच पात्र मानत. कुणी कुणाला सांगायची गरजच पडली नव्हती. त्या कोरड्या पात्राच्या आणि नव्या ओढ्याच्या मधल्या उंचवट्यावर कश्का-बुलाक होता, कोक-जारच्या उन्हाळी कुरणाचा झरा. ओढ्याचं पाणी गाळाचं, उन्हाळ्यात आटणारं. प्यायचं पाणी, माणसांचं आणि जनावरांचं, ते या झऱ्याचं. बुरुलला हे सगळं ठाऊक होतं. तिचे सगळे उन्हाळे तिथेच गेले होते. पण उपग्रहाचं चित्र बर्फ वितळायच्या आधीचं होतं, पांढरंफटक, आणि कुरण तिने जन्मभर पाहिलं होतं ते घोड्याच्या पाठीवरून. वरून बघताना तिला आपलं माहेर ओळखू आलं नाही.

आमच्याकडे सही नंतर, आधी मेंढा. ऑक्टोबरात कोक-जारच्या सभागृहात दोन्ही गावांचे वडीलधारे बसले. टेबलावर कणकेचे तळलेले बोर्सोक, मटणाच्या पराती, आणि मधोमध बुरुलचा छापील नकाशा. तुयुक-सायचा सागिन्बाय चष्मा लावून त्यावर वाकला. त्याचं बोट एका जागी बराच वेळ थांबलं, मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. ओस्मोनकुलने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अक्सकाल, एकदा नजर टाका," कुणीतरी वडीलधाऱ्याला द्यायच्या मानाने म्हणालं.

"पोरीने काढलाय," ओस्मोनकुल म्हणाला. "मी तपासायला बसलो तर तिला शिकवली कशाला? मांस गार होतंय."

सगळ्यांत वडील म्हणून मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं होतं. त्याने दोन्ही तळवे उघडले आणि दुआ केली, या रेघेवरून दोन गावांत कधी तंटा न होवो, जो ती ओलांडील त्याला वरचा पाहून घेईल. चाळीस माणसांनी तळवे उघडले आणि तोंडावरून फिरवले. मग सह्या झाल्या. बुरुल समोवाराजवळ चहा ओतत होती, आणि तिचे कान अभिमानाने लाल झाले होते.

जूनमध्ये तिचा धाकटा भाऊ मेलिस गावाचा कळप घेऊन वर गेला आणि तिसऱ्या दिवशी चिखलाच्या बुटांनिशी थेट कचेरीत आला.

"एजे, तू झरा कुणाला दिलास?"

"कसला झरा? बूट काढ आधी."

"बूट गेले खड्ड्यात! तुयुक-सायचे चौघं आडवे आले. हातात तुझा नकाशा, त्यावर बाबांची सही. म्हणाले, पलीकडून हाका मेंढ्या. मी म्हटलं, अरे माझ्या आजाने दगड लावलेत या झऱ्याला! तर म्हणे, दगड घेऊन जा."

बुरुलने फाइल उघडली. बर्फाचं चित्र काढून उन्हाळ्याचं खाली घातलं. हिरव्या उतारावर कोरड्या पात्राची करडी रेघ होती, अलीकडे निळा ओढा, आणि तिची लाल हद्द त्या निळ्याला घट्ट चिकटलेली. मेलिसने बूट काढले आणि हातात धरून उभा राहिला.

कचेरीचा साहेब एर्किन्बेक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सरळ माणूस. तो म्हणाला, "एजे, पाच ठिपक्यांचं काम आहे, मला कळतंय. पण राजधानीचा शिक्का बसलाय. आता दोन्ही गावांचं संमतिपत्र आल्याशिवाय मला फाइलीचं कुलूप उघडता येत नाही. कोक-जारचं तर मिळेलच. सागिन्बायचं तुम्ही आणा."

ती तुयुक-सायला गेली. सागिन्बायने तिला मानाच्या जागी बसवलं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस दिला, बापाची तब्येत विचारली.

"तुम्ही त्या दिवशी पाहिलं होतं," बुरुल म्हणाली. "तुमचं बोट तिथेच थांबलं होतं."

"पाहिलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ओस्मोनकुल देतोय," सागिन्बाय म्हणाला. "आमच्याकडे पाण्याची बोंब आहे हे त्याला माहीत होतं. दुआ करून देणाऱ्याला, का रे बाबा देतोस, असं कुणी विचारतं का? आता माझ्या गावाने पाणी चाखलंय, पोरी. मी परत देतो म्हटलं तर मलाच हाकलतील. एकच गोष्ट करता येईल. तुझ्या बापाने इथे येऊन सगळ्यांसमोर म्हणावं की ती दुआ मी मागे घेतो. मग माझ्या लोकांचं तोंड बंद होईल. मी तिथल्या तिथे सही करतो."

लबाड होता का सागिन्बाय? असेलही. पण त्याने अट घातली ती अशी, की तिच्यात खोट काढता येईना. बुरुलला मात्र परतीच्या वाटेवर हायसं वाटलं. बापाने एक वाक्य बोलायचं होतं.

ओस्मोनकुलने ते बोलायला नकार दिला.

"चूक माझी आहे, बाबा. तुम्ही फक्त सांगा की पोरगी चुकली."

"सांगतो ना. चौकात उभा राहून सांगतो. पण दुआ मागे घ्यायची कशी, ते तू मला सांग. तू शिकलेली आहेस. चाळीस माणसांनी माझ्या मागे हात तोंडावरून फिरवले. आता जाऊन म्हणू, ते तळवे माझे नव्हते?"

"मेंढ्या मरतील, बाबा!"

"मरतील," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

मेल्याच. त्या उन्हाळ्यात कळप रोज खालच्या नदीपर्यंत उतरवून पुन्हा वर चढवावा लागला. कोकरं वाटेत बसायची ती उठायची नाहीत. ऑगस्टपर्यंत निम्म्या घरांनी आपली जनावरं काढून टाकली आणि दोन घरं शहराकडे गेली. लोक बुरुलला तोंडावर काही म्हणत नव्हते. तिला पाहून बोलणं थांबवत, तेवढंच. राग निघाला तो म्हाताऱ्यावर. एका मयताच्या जेवणात मेंढ्याचं डोकं त्याच्याहून सहा वर्षांनी लहान माणसापुढे ठेवलं गेलं आणि त्याच्या ताटात बरगडीचा तुकडा आला. असा तुकडा आमच्यात जावयांना देतात, आणि आमच्यात जावई मानाच्या रांगेत शेवटी. ओस्मोनकुलने तो शेवटपर्यंत खाल्ला, हात पुसले आणि घरी आला. हे मेलिसने बुरुलला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तो रडत होता.

दुसऱ्या दिवशी तिने एर्किन्बेकला विचारलं, संमतिपत्राशिवाय काहीच होणार नाही का? तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "एजे, शुक्रवारी मी जेवायला जाईन तो तीनपर्यंत येणार नाही. माझं यंत्र उघडं राहतं, कुलपासकट, वाईट सवय आहे माझी." त्या पोराने आपली नोकरी तिच्या हातात ठेवली होती, हे बुरुलला समजलं.

नेमक्या त्या शुक्रवारी ओस्मोनकुल कचेरीत आला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. पांढरी नमद्याची टोपी, मेलिसचा कोट, काठी. "माझी सही कुठल्या जागेवर झाली ते मला बघायचंय," म्हणाला. बुरुलने त्याला साहेबाच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, आणि उन्हाळ्याचं चित्र पडद्यावर मोठं केलं.

ज्याला नकाशा कळत नाही असं सगळे समजत होते, तो म्हातारा पुढे वाकला आणि त्याचं बोट सरळ पडद्यावर गेलं. "ही घोडे बांधायची जागा. हा काळा खडक. इथे तुझ्या आईची चूल असायची." मग तो तिच्याकडे वळला. "बुरुल, तुला ओळखू कसं नाही आलं गं?"

तिने माउस धरला. पहिला ठिपका उचलून कोरड्या पात्रावर आणला, मग दुसरा, मग तिसरा. पाचवा बसला तेव्हा लाल रेघ झऱ्याच्या पलीकडून गेली होती. म्हातारा बघत होता.

"झालं?"

"झालं, बाबा. आता हे जतन केलं की संपलं."

"सागिन्बायला कळेल?"

"त्याच्या हातातला कागद खोटा ठरेल. रेघ कुणी हलवली ते कुणालाच कळणार नाही. यात खूण राहत नाही."

ओस्मोनकुलने काठीवर दोन्ही हात ठेवले. बाहेर गाडी आली, गेली. बुरुलला वाटलं तो रडतोय, पण तो रडत नव्हता.

"परत ठेव," तो म्हणाला.

"बाबा, गाव उठतंय. मेलिस कुठे जाईल? एवढ्या एका गोष्टीसाठी…"

"मी दिलंय ते. डोळे मिटून दिलं, तुझ्या भरवशावर दिलं, पण दिलं. तू आता चोरून परत आणलंस तर आपल्यापाशी काय उरलं? ना पाणी, ना शब्द. परत ठेव, पोरी. होतं तसंच. एकसुद्धा ठिपका आपल्या बाजूला नको."

बुरुलने पाचही ठिपके परत नेले. फार कष्ट पडले नाहीत, ओढ्याजवळ येताच ते आपोआप चिकटले. आयुष्यात तिला स्वतःच्या हातांची एवढी किळस कधी आली नव्हती.

म्हातारा उठला नाही. तो अजून पडद्याकडेच बघत होता.

"झरा कुठाय यात?"

"झरा दाखवलेला नाही, बाबा. कुणी भरलाच नाही."

"आहे तर दाखवायला नको? कुणी तहानलेला वाटसरू आला तर? घाल."

तिने त्या उंचवट्यावर एक निळा ठिपका ठेवला. यंत्राने नाव विचारलं. तिने कश्का-बुलाक लिहिलं. यंत्राने गाव विचारलं. तो रकाना रिकामा ठेवला तर ते पुढे जाऊ देत नाही. तिची बोटं कळांवर थांबली, मग तिने तुयुक-साय असं लिहिलं. बापाने चष्मा आणला नव्हता, म्हणून तिला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.