बॅण्डची पॅन्ट

शाळेच्या लेखी मी मुलगी होतो. माझ्या मते नव्हतो, पण नव्वदच्या दशकात बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये माझं मत विचारतंय कोण? सातवीपर्यंत शर्ट-स्कर्टवर कसंबसं निभावलं. आठवीपासून मात्र मुलींना लंगा-दावणी, म्हणजे परकर, पोलकं आणि खांद्यावरून ओढणी. आईने चिकपेठेच्या बाजारातून हौसेने निळं कापड आणलं. ते अंगाला लावून आरशात पाहिलं आणि मला रडूच कोसळलं. आईला वाटलं, रंग आवडला नाही.

मार्ग सापडला तो शाळेच्या बॅण्डमध्ये. तिथे मुलं असोत की मुली, सगळ्यांना पांढरी पॅन्ट. सकाळी प्रार्थनेनंतर रांगा वर्गात जाताना रोज एकाने ड्रम वाजवायचा असे, आणि ज्याचा वार असेल तो दिवसभर बॅण्डच्याच कपड्यांत. बाकीच्यांना या कामाचा कंटाळा. मी सगळ्यांचे वार मागून घेतले. पी.टी. मास्तरांनी पाठ थोपटली. आई शेजारणींना सांगायची, "बॅण्डात आहे ना, म्हणून पॅन्ट."

अडचण एकच. तालाचं आणि माझं कधी जमलं नाही. माझ्या ड्रमवर चालताना पहिलीची पोरं एकमेकांच्या टाचा तुडवायची, मोठी मुलं मुद्दाम लंगडायची, आणि मी आपला पॅन्टच्या आनंदात बडवत असायचो. शेवटी मास्तरांनी हात टेकले आणि मला मुख्याध्यापिकांपुढे उभं केलं. बॅण्ड गेला की पॅन्ट गेली, एवढंच डोक्यात होतं.

"ड्रम तुला येत नाही," मिस कानडीत म्हणाल्या. "आवडतो तरी का?"

"नाही, मिस."

"मग सोडत का नाहीस?"

खोटं सुचलंच नाही. "पॅन्टसाठी. दावणी नेसून मला शाळेत येता येणार नाही, मिस. मी मुलगी नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. मिसना त्यातलं किती कळलं, देव जाणे. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. उद्यापासून ड्रम नको. पॅन्ट राहू दे."

शाळा सुटल्यावर मी पळतच घरी गेलो. धापा टाकत आईला सगळं सांगितलं, मिसना जे सांगितलं तेही. आई कणीक मळत होती, ती थांबली. आता शेजारणींना सांगायला बॅण्डही उरला नव्हता. मला मिसपेक्षा तिचीच जास्त भीती वाटली. मग तिने हात धुतले आणि खाली बसून माझ्या पॅन्टची घोट्याजवळची शिवण उलटून पाहिली.

"एकीवर रोज कसं भागायचं?" ती म्हणाली. "अजून एक टाकू शिवायला. स्वल्प लांबच ठेवायला सांगते, उंची वाढतेय."