उताराच्या टोकाशी

महिनाभर मी दर शनिवारी पंचवटीतल्या एका सायकलवाल्याकडे जात होतो. गिऱ्हाईक ज्ञान सांगू लागलं की तो कापड घेऊन स्पोक पुसायला लागायचा. रोज सातपूरला कामावर जायला आणि रविवारी वणीच्या गडापर्यंत एकच सायकल हवी, असं सांगून शेवटच्या शनिवारी मी त्याला फ्रेमचं तत्त्वज्ञान ऐकवलं. सगळे स्पोक पुसून झाल्यावर त्याने मी निवडलेल्या बारीक टायरच्या सायकलच्या रिमांवर बाटलीतलं पाणी ओतलं.

"सर, गल्लीच्या उतारानं या. मी म्हटलं की ब्रेक दाबा."

तो स्वतः उताराच्या टोकाशी, वाहत्या रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

"दाबा!"

मी दाबले. ओल्या रिमवर ब्रेक नुसते घसरत राहिले.

"अहो, बाजूला व्हा!" मी किंचाळलो. तो हलला नाही. पुढचं चाक त्याच्या गुडघ्यांमध्ये शिरून थांबलं. त्याच्या पाठीमागून बस गेली.

"पावसात गडावरून उतरताना खाली मी नसणार, सर. डिस्क ब्रेकवाली दाखवू?"

मी सायकलवरून उतरलो. हँडल धरलेला त्याचा हात माझ्याहून जास्त थरथरत होता.