बुधवारचा उपास

आमच्या कॉलेजात ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम चालते आणि तिचा प्रमुख मी आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणजे कुजण्यासडण्यातलं मला जास्त कळत असणार, अशा समजुतीने हे काम माझ्याकडे आलं. दर वर्षी नव्या मुलांपुढे उभा राहून मी सांगतो, अन्न वाया घालवू नका. आणि हे सांगणारा माणूस रोज दुपारी प्रयोगशाळेच्या मागे जाऊन स्वतःचा डबा हिरव्या ड्रममध्ये रिकामा करत होता. ओल्या कचऱ्याच्याच ड्रममध्ये करत होता, एवढं मात्र माझ्या बाजूने सांगता येईल.

डबा वाईट नसे. बायकोचं माहेर वटारचं. तिथे भावाची वाडी आहे. दर रविवारी मेव्हणा स्कूटरला पिशव्या अडकवून बोळिंजला आमच्याकडे येतो आणि दुधी, शिराळी, कारली असा आठवड्याचा माल ओट्यावर मांडतो. माझी साखर वाढल्यावर डॉक्टरांनी भात बंद केला, तेल-मीठ कमी करायला सांगितलं, आणि बायकोने ते मनावर घेतलं. आठवड्यातून चार दिवस दुधी. अख्ख्या बोळिंजमध्ये इतकी ताजी भाजी कुणाच्या ताटात नसेल, हे मलाही मान्य आहे. पण माणसाने ताजेपणा तरी किती सोसावा? मी कॅन्टीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाई. मग डबा ड्रममध्ये. झाकण लावताना मला खरोखर वाईट वाटे. एकदोनदा मी ड्रमला नमस्कारही केला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या वर्षी माझ्या प्रॅक्टिकलच्या तुकडीत जव्हारकडची एक मुलगी आली. दुसऱ्या वर्षाला. उमेळ्याला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. सकाळच्या तासाला तिच्याइतकं नेमकं उत्तर कुणी देत नसे, पण दुपारच्या प्रॅक्टिकलला तिचा हात थरथरायचा. ब्युरेटचा नळ वेळेवर बंद व्हायचा नाही आणि द्रावण भलतंच गुलाबी होऊन बसायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच बाकावर बसलेली दिसली.

"डबा नाही आणला?"

"उपास आहे, सर. सोमवार."

मंगळवारी गणपतीचा होता. गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. मी भारावून गेलो. इतका, की वर्गात मी तिचं उदाहरण दिलं. "बघा," म्हणालो, "या वयात एवढा संयम!" ती खाली मान घालून बसली होती. ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

भौतिकशास्त्राचे सर आमच्याच खोलीत बसतात; साखरेपायी त्यांचाही भात बंद आहे. त्यांना मी हे कौतुकाने सांगितलं, तर ते म्हणाले, "आणि बुधवारी?"

बुधवारी मी विचारलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "बुधवारी विठ्ठलाचा, सर."

"खिचडी वगैरे काही खातेस की नाही?"

"नाही, मी कडक करते."

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपलं उपासाचं शास्त्र. आमच्या घरी उपास असला की साबुदाणा, रताळी आणि वऱ्याचे तांदूळ यांनी ओटा भरून जातो. ही मुलगी कूलरचं पाणी पिऊन सहा देवांना सांभाळत होती. मला इतक्या उशिरा समजलं. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची. हिने वार लावून उपाशी राहायची सोय केली होती.

त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "सर, बाहेरून परीक्षा देता येते का? म्हणजे गावी राहून?"

"सायन्सला नाही, आर्ट्सला येते. का?"

"असंच." मग म्हणाली, "मग आर्ट्सला बदलता येईल ना, पुढच्या वर्षी?"

तुकडीतली सगळ्यात हुशार मुलगी केवळ जेवणापायी रसायनशास्त्र सोडणार होती, आणि मी तिच्यापासून वीस पावलांवर दुधी फेकत होतो.

मी आधी जे केलं ते अगदी माझ्यासारखं केलं. खोलीबाहेर एक टेबल मांडलं, त्यावर माझा डबा ठेवला आणि कागदावर लिहिलं: 'ज्यांना गरज असेल त्यांनी निःसंकोच घ्यावे.' मुलं वाचायची आणि लांबून जायची. तिने तर आमच्या खोलीवरून जाणारा जिनाच सोडला. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा सापडला तेव्हा मला भरून आलं. मग कळलं, भौतिकशास्त्राच्या सरांनी खाल्ला होता.

"निःसंकोच लिहिलंय ना तुम्ही," ते म्हणाले.

शेवटी मी तिला खोलीत बोलावलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला. "एक काम आहे. कुणाला सांगायचं नाही. हा संपवायचा."

"सर, आज माझा..."

"उपास आहे, ठाऊक आहे मला. पण मी फार अडचणीत आहे गं. भरलेला डबा घरी नेला तर बोलणी खावी लागतात, आणि न्यायचा नाही म्हटलं तर दुधी खावा लागतो."

तिने ओठ दाबले. "मग आतापर्यंत काय करत होतात?"

मी खिडकीतून ड्रमकडे बोट दाखवलं.

"फेकत होतात? सर, त्याच्यावरचं पोस्टर तुम्हीच लावलंय ना?"

"मीच."

आता मात्र ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. "द्या इकडे," ती म्हणाली. "उपास मोडते. पाप तुमच्या खात्यावर."

"तिथे आधीच बरंच साठलंय."

असं सुरू झालं. ती रोज येई, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डबा संपवी, विसळून आणून देई आणि म्हणे, "छान होतं, सर." प्रॅक्टिकलचे तिचे आकडे जुळायला लागले. घरी मी 'छान होतं' हेच पुढे कळवत होतो. बायको खूश झाली आणि दुधी आठवड्यातून पाच दिवस झाला. मी मात्र वडापाववरच होतो, त्यामुळे माझी साखर आणखी वाढली. एवढं पथ्याचं खाऊन असं कसं, याचं डॉक्टरांना कोडं पडलं. माझ्या बायकोला पडलं नाही.

एके संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आजचा दुधी कसा होता?"

"अप्रतिम. आज विशेष जमला होता."

"आणि मीठ?"

"अगदी बेताचं."

"बेताचं म्हणजे किती हो? कारण मी घातलंच नव्हतं."

मी वर्तमानपत्र उघडलं. तिने ते मिटलं. एरवी ती शहरी मराठी बोलते, पण रागावली की माहेरच्यासारखा तिच्या 'ण'चा 'न' होतो. "खरं सांगा. डबा कोन खातं?"

मी सगळं सांगितलं. मुलगी, उपास, टेबल आणि ड्रमसुद्धा. मुलीचं ऐकताना तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ड्रमचं ऐकल्यावर उठून उभी राहिली.

"माझ्या भावाचा दुधी? ड्रमात?"

जेवताना तिने मला तीनदा दुधी वाढला. मी तीनदा खाल्ला.

भांडी आवरताना तिनेच विषय काढला. "आजच्या भाजीला ती पोर काय म्हणाली?"

"छान होती म्हणाली."

ती हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. "अळणी भाजीला छान? अहो, आमच्या वाडीवर कामाला बाया येतात. डाळीत मीठ कमी पडलं तर पानावरून ओरडतात, वहिनी, मिठाला भाव आला काय? कारण त्या राबलेल्या असतात, त्यांना हक्काचं वाटतं. ही पोर गप्प बसली. तुम्हाला वाटतंय तुम्ही तिला काम दिलंत. ते काम नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि उगाच पुसत राहिलो.

"आणि रात्री काय खाते ती?"

"ते नाही विचारलं."

"एवढे दिवस डबा दिलात, आणि विचारलं नाहीत!"

दुसऱ्या दिवशी विचारलं. "भात," ती म्हणाली.

"भाताबरोबर?"

"भातच, सर. गावाहून घरचा तांदूळ येतो. खोलीचं भाडं आणि बसचे पैसे दिले की भाजीला काही उरत नाही. मीठ टाकून खातो आम्ही."

"मग तोच भात दुपारी का नाही आणत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विचारलेला हा सगळ्यात अडाणी प्रश्न असावा. "नुसता भात कसा आणायचा? सगळ्याजणी एकदम डबे उघडतात ना, सर."

घरी हे सांगितलं तेव्हा बायको हसायलाच लागली. "म्हणजे तिच्याकडे भात आहे आणि भाजी नाही. आणि तुम्ही सगळे मधुमेही मास्तर भाजीचे डबे घेऊन बसता आणि भातासाठी जीव टाकता. अंगतपंगत करा की! तिला सांगा, भात तिने आणायचा. नाही आणला तर तुमचं जेवण अडेल म्हणावं."

हे मात्र खरंच होतं, त्यामुळे सांगताना मला नाटक करावं लागलं नाही. पहिल्या दिवशी तिने डबा पदार्थविज्ञानाच्या जाड पुस्तकांआड ठेवला आणि कितीतरी वेळ उघडलाच नाही. भौतिकशास्त्राच्या सरांनीच उघडला. वास आला आणि ते चमचा शोधायला लागले. जव्हारचा घरचा जाडसर तांदूळ, मऊ शिजलेला.

"एकच घास घेतो," ते म्हणाले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, हा तुमचा चौथा एकच घास आहे."

"तू ब्युरेटचे थेंब मोज, माझे घास मोजू नकोस."

पुढच्या आठवड्यात तिच्या खोलीतल्या मैत्रिणी आल्या, आणि नालासोपाऱ्याहून येणारा एक मुलगा, ज्याच्याकडे नेहमी पाव असायचा आणि त्याच्याबरोबर काहीच नसायचं. मग बाकीच्या विभागांतले शिक्षक आले. तेव्हा मला कळलं की डबा टाकून देणारा मी एकटा नव्हतो. गणिताच्या बाईंचा पुलाव आणि इतिहासाच्या सरांची मेथी, सगळं ड्रमच्याच वाटेला जात होतं. आता आमची दोन टेबलं जोडावी लागतात. ज्याच्याकडे जे असेल ते मध्ये ठेवायचं, नसेल त्याने ताटल्या पुसायच्या आणि शेवटी कुणाच्या डब्यात काही राहता कामा नये. मी चमचाभर भात आणि पुष्कळ दुधी खातो. साखर उतरली आहे. खरं सांगायचं तर दुधी तितकासा वाईट लागत नाही.

तरीही मी रोज तिच्याकडे चोरून बघत होतो. ती जेवत होती, हसत होती, पण बायकोच्या भाजीला 'छान' याखेरीज शब्द नाही. बायको रोज विचारी, "काय म्हणाली?" मी सांगे, "छान." आणि तिचा चेहरा पडे.

परवा मुलीने पहिला घास घेतला आणि ती सरळ म्हणाली, "सर, काकूंना सांगाल का? दुधी फार शिजवतात. पार लगदा होतो."

मला उठून नाचावंसं वाटलं. मी धावतपळत घरी गेलो आणि चप्पल काढायच्या आत निरोप दिला.

"लगदा?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "लगदा म्हणाली? वीस वर्षं दुधी करतेय मी. मला शिकवते ती!" पण तिचे डोळे चमकत होते. "रविवारी आणा तिला घरी. करून दाखव म्हणावं. बघतेच मी."

मी तो निरोपही पोचवला. मुलीने जरा विचार केला.

"या रविवारी नाही जमणार, सर. तिसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक केमिस्ट्री घ्यायचं ठरवलंय ना, त्याचं वाचायला घेतलंय. पुढच्या रविवारी येते. पण दुधी कोवळा पाहिजे. तुमच्या मेव्हण्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते जून आणतील."

बायकोने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे वटारला फोन लावला.