आत्या गप्प झाली तेव्हा

माझ्या धाकट्या आत्याइतकं बोलणारं माणूस सबंध बडोद्यात दुसरं नव्हतं. लग्न न केलेली, शाळेतून निवृत्त होऊन कारेलीबागेत एकटी राहणारी. पण तिच्या घरात शांतता म्हणून कधी नांदली नाही. सोसायटीतले लोक वर्तमानपत्र घेत ते कोडी सोडवण्यापुरतं, बातम्या आत्या पुरवायची. चुकून लागलेल्या फोनवरही ती अर्धा तास बोलायची. असाच फोन लागलेला गोत्री भागातला एक गृहस्थ पुढे दर दिवाळीला तिला ‘साल मुबारक’ करू लागला. रिक्षात बसली, की उतरेपर्यंत रिक्षावाल्याच्या मुलीचं लग्न जवळपास ठरलेलं असायचं. “आत्या, जरा श्वास तरी घे,” असं मी एकदा म्हणालो, तर म्हणते, “श्वास काय रे, झोपेत घेते की!”

मग दोनेक वर्षांत ती हळूहळू शांत होत गेली. काही विचारलं तर घोगऱ्या आवाजात दोन शब्दांत उत्तर. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. चेहरा सुजल्यासारखा दिसे, जेवण जेमतेम, तरी वजन वाढत होतं. वय झालं, असं आम्ही ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटलं. “आत्या हल्ली किती समजूतदार झालीये!” असं मी तिच्यासमोरच म्हणालो होतो. ती नुसती हसली.

ओळखलं ते दारावर येणाऱ्या भाजीवालीने. मला फाटकात गाठून म्हणाली, “भाई, फोईबानी तबियत सारी नथी. हवे भाव पण नथी करतां.” आत्याची तब्येत बरी नाही, आता ती भाजीचा भावही करत नाही, हे ऐकल्यावर मात्र मी तिला थेट डॉक्टरांकडे नेलं.

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं चित्र काढलं. शरीराचा वेग राखणारं तिचं संप्रेरक आत्याच्या बाबतीत जवळपास आटलं होतं.

“आयोडीन कमी पडलं का? मीठ तर मी पाकिटातलंच खाते,” आत्याने विचारलं.

“मिठाचा दोष नाही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून या ग्रंथीवर उलटल्यात. आणि हे काही आजचं नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

मी औषधाची चिठ्ठी मागून घेतली.

आता आत्या रोज सकाळी अनशापोटी गोळी घेते. काही महिन्यांत स्वेटर कपाटात गेला, आवाज मोकळा झाला. पण परवा शेजारच्यांच्या लग्नातली गंमत सांगता सांगता ती मध्येच थांबली.

“मग? पुढे काय झालं?”

“जाऊ दे रे. तुला निघायचं असेल.”

“नाही आत्या, मला वेळ आहे.”

तिने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उरलेली गोष्ट दोन वाक्यांत आटपून टाकली.